दसऱ्याच्या पूजेतली प्रत

सुनीतीने आपलं नाव दाराबाहेरूनच ऐकलं. ती चप्पल काढायला वाकली होती आणि आत ऑफिसात तिचे वरिष्ठ यज्ञेश्वर सर फोनवर बोलत होते. त्यांचा तो साजूक तुपातला आवाज लागला होता, जो ते फक्त गिऱ्हाइकांसाठी राखून ठेवत.

"नाही हो गेनबाशेठ, यंत्रात दोष नाही. आमच्या सुनीतीबाईंची लिहिताना गफलत झाली. होतं असं. बायकामाणसांच्या डोक्याला घरचेही व्याप असतात."

एक चप्पल पायात आणि एक हातात अशी ती तशीच उभी राहिली. तळपायाची आग मस्तकाला जाते म्हणतात ती कशी जाते, हे तिला त्या क्षणी जिन्यावर उभ्या उभ्या कळलं. गफलत कसली झाली हे अजून तिला कुणी सांगितलंही नव्हतं. गुन्हा काय ते ठाऊक नाही आणि गुन्हेगार मात्र ठरून बसलेला.

पुण्यात वारज्याला मालक आप्पासाहेबांच्या वडिलोपार्जित उसाच्या जागेवर आता पत्र्याची लांबलचक शेड होती आणि शेडमध्ये डबे तयार होत. मार्केट यार्डात प्रत्येक गाळ्यावर इलेक्ट्रॉनिक काटा असतो. त्या काट्याला हा डबा जोडायचा. पोत्याचं वजन डब्यातून तारेने मुख्य संगणकाकडे जाणार, तिथे नोंद होणार आणि नोंदलेला आकडा परत त्याच गाळ्याच्या फलकावर लाल अक्षरांत उमटणार. शेतकऱ्याने पाहायचं, अडत्याने पाहायचं, भांडण मिटलं. आप्पासाहेबांनी या कामासाठी यार्डातल्या लोकांचे वर्षभर उंबरे झिजवले होते. आज सगळे डबे पहिल्यांदा एकदम सुरू व्हायचे होते.

"काय झालंय?" आत येऊन सुनीतीने विचारलं.

सरांनी फोन ठेवला. "गेनबाशेठच्या कांद्याचं वजन श्यामरावांच्या फलकावर, श्यामरावांच्या बटाट्याचं आणखी कुणाच्या. यार्डात नुसता शिमगा चाललाय. आप्पासाहेब गाडी काढतायत, तुम्हालाही यायचंय." आणि मग टेबलावरचा कागद सरळ करत म्हणाले, "ज्याची चूक असेल त्याला आजच नारळ देतो, असं म्हणत होते. मी म्हटलं, रागात निर्णय नको. तुमची बाजू मी सांभाळून घेईन."

माझी बाजू! सुनीती मागच्या खोलीत गेली.

या डब्यात एक छोटा संगणक असतो. त्याचा कारभार हाकणारा जो गाभा, ज्याला त्या धंद्यातले सगळे कर्नल म्हणतात, तो वीज आली की जागा होतो, पण आपल्या आजूबाजूला काय आहे हे त्याला ठाऊक नसतं. पेन ड्राइव्ह खुपसला तर तो पाहुण्यासारखा आपणहून नाव-गाव सांगतो. बोर्डावर डाख देऊन बसवलेली नेटवर्कची चिप मात्र मुखदुर्बळ. ती कुठल्या तारांवर बसली आहे, तिला उठवायला कुठली पिन हलवायची, तिचा वेग किती आणि बाहेरच्या जगात तिने कोणत्या क्रमांकाने ओळख द्यायची, हे सगळं कुणीतरी आधी लिहून ठेवावं लागतं. शेडमध्ये त्या लिखाणाला 'वर्णन' म्हणत. कर्नल ते वर्णन वाचतो आणि मान्य करतो. उलटतपासणी करत नाही. खोटं लिहिलं तर खोट्यावरही तेवढ्याच श्रद्धेने काम करतो. म्हणून वर्णन लिहिणाऱ्याला प्रामाणिक असावं लागतं, असं सरांनीच तिला पहिल्या आठवड्यात शिकवलं होतं. ते लिहिण्याचं काम सुनीतीचं.

तिने तयार मालातला एक डबा उचलला, तार जोडली आणि त्याला त्याचा क्रमांक विचारला. मग दुसरा उचलला. दोघांनी एकच उत्तर दिलं. तिसरा जोडायची गरजच नव्हती, कारण तो क्रमांक तिच्या ओळखीचा होता. तिनेच दसऱ्याला तो लिहिला होता.

दसऱ्याला पहिला बोर्ड पूजेत मांडायचा आणि मुहूर्तावर त्याचा हिरवा दिवा लागला पाहिजे, अशी आप्पासाहेबांची इच्छा होती. प्रत्येक डब्याचा स्वतःचा क्रमांक ज्या बारीक चिपमध्ये असतो, त्या चिपा तोवर आल्याच नव्हत्या. क्रमांक नसेल तर तार जोडूनही दिवा लागायचा नाही. म्हणून सुनीतीने त्या एका बोर्डापुरता मनानेच क्रमांक ठरवून वर्णनात घातला आणि वर ठळक लिहिलं की हे फक्त पूजेपुरतं आहे, विक्रीच्या डब्यात घालू नये. अशा सूचना कर्नल वाचत नाही, त्या माणसांसाठी असतात. सरांना तिने तोंडीही सांगितलं होतं. दिवा लागला, आनंदीबाईंनी, म्हणजे आप्पासाहेबांच्या पत्नीने, बोर्डाला आणि वर्णनाची प्रत असलेल्या पेन ड्राइव्हला हळदकुंकू वाहिलं, झेंडूचं फूल ठेवलं. यज्ञेश्वर सर हात मागे बांधून उभे होते आणि सुनीतीच्या कानाशी म्हणाले होते, "विजेला कुंकू नाही लागत, फ्यूज लागतो." ती हसली होती.

पुढे चिपा आल्या, बोर्डांवर बसल्या. सुनीतीने नवी प्रत लिहिली, क्रमांक चिपमधून वाच असं कर्नलला नीट सांगितलं आणि ती सरांच्या हातात दिली. मग आईच्या मोतीबिंदूसाठी ती रजेवर गेली. डबे भरले गेले ते त्याच आठवड्यात.

"सरुबाई," तिने डबे भरणाऱ्या सरुबाईंना विचारलं, "कुठली प्रत घातली तुम्ही?"

"पूजेची की." सरुबाई फोमच्या पिशव्या फाडत होत्या. "आप्पासाहेब म्हणाले, जिची पूजा झाली तीच समद्यांत जाऊ द्या, चांगलं असतं. मी सरांना इचारलं, दोन दोन हायेत, कंची भरू? सर म्हणाले, मालक म्हणतात ती भरा."

म्हणजे विचारलं होतं. ज्याला कळत नव्हतं त्याने श्रद्धेने सांगितलं, जिला कळत नव्हतं तिने तरी विचारून घेतलं, आणि ज्याला सगळं कळत होतं त्याने मान डोलावली! आणि चाचणीला एका वेळी एकच डबा टेबलावर यायचा, त्यामुळे प्रत्येक डबा एकटा असताना अगदी गुणी ठरला.  सुनीतीने नवी प्रत डब्यांत बसणाऱ्या कार्डांवर उतरवून घेतली, कार्डं पिशवीत टाकली आणि सरांच्या टेबलापुढे जाऊन उभी राहिली.

"सर, डब्यांत कुठली प्रत गेली?"

"तुमचीच. इथे दुसरं कोण लिहितं?"

"दसऱ्याची की नंतरची?"

सरांनी चष्मा काढला. कसबा पेठेत जन्म गेलेला माणूस. समोरच्याला गप्प करायला त्यांना आवाज चढवावा लागत नसे. "उत्तर माहीत असताना प्रश्न विचारायची सवय मी तुम्हाला लावलेली नाही, सुनीतीबाई."

"तुम्हाला माहीत होतं. मी सांगितलं होतं. सरुबाईंनीसुद्धा विचारलं होतं."

"होतं. मग काय मालकांना सांगायचं, तुमची पूजा तुमच्याजवळ ठेवा? आपण सांगून पाहावं एकदा."

"तुम्ही तर त्या पूजेला हसत होता!"

"हसणं वेगळं, नोकरी वेगळी." त्यांनी चष्म्याची काच रुमालाने पुसली. "आणि मला वाटलं होतं की एक-दोन गाळ्यांवर गडबड होईल, मग गुपचूप बदलून टाकू. सगळे एकदम सुरू करतील ही कल्पना नव्हती."

"आणि माझं नाव?"

"तुमचं वय आहे. या वयात एक चूक पचते. मी मार्चमध्ये निवृत्त होतोय. इतक्या वर्षांनंतर हे गाठोडं डोक्यावर घेऊन घरी जाऊ?" मग ते म्हणाले, "शिवाय तांत्रिकदृष्ट्या तो क्रमांक तुम्हीच लिहिलेला आहे."

तांत्रिकदृष्ट्या! या एका शब्दाने सुनीतीला जेवढा राग आला तेवढा बाकी कशानेही आला नव्हता. त्या शब्दात सगळं खरं होतं आणि सगळंच खोटं होतं. ती काही बोलणार, तोच ते हळू आवाजात म्हणाले, "मुलगी लहान म्हणून तुम्ही काही वर्षं घरी होता. चार ठिकाणी दारं लागली, तेव्हा इथे कुणी बोलावलं, ते विसरू नये."

हे खरं होतं आणि म्हणूनच ते जास्त झोंबलं. याच माणसाने तिला पुन्हा उभं केलं होतं, शेजारी बसवून शिकवलं होतं. त्या शिकवण्याचा तिला अभिमान होता. आज तोच अभिमान तो तिच्यासमोर हिशोबाला काढत होता. खाली आप्पासाहेबांनी जीपचा हॉर्न वाजवला.

सर पुढे बसले, सुनीती मागे, मांडीवर कार्डांची पिशवी घेऊन. जीप म्हात्रे पुलावर आली. आप्पासाहेबांचा चेहरा तांबडालाल झाला होता आणि ते प्रत्येक रिक्षावाल्याचा उद्धार करत होते. स्वारगेटच्या अलीकडे वाहनं तुंबली, गाडी थांबली आणि सुनीतीच्याने राहवेना.

"आप्पासाहेब, चूक माझी नाही."

"गाडीत नको," सर मान न वळवता म्हणाले. "तिथे शांतपणे बोलू."

"बोलू द्या तिला," आप्पासाहेब आरशातून बघत म्हणाले. "मला सकाळपासनं समदे फकस्त ओरडत्यात. काय झालंय ते कुणीच सांगंना."

"सगळ्या डब्यांना एकच नंबर गेलाय," सुनीती म्हणाली. "समजा यार्डातल्या सगळ्या हमालांना एकाच नंबरचा बिल्ला दिला आणि तुम्ही नंबर पुकारलात, तर?"

आप्पासाहेबांनी थोडा विचार केला. "तर पोतं कुणाच्या पाठीवर जायाचं?"

"जो शेवटी ओरडला त्याच्या. तेच चाललंय तिथे. तो नंबर मी फक्त दसऱ्याच्या दिवशी, त्या एका बोर्डाला दिला होता. तसं लिहून ठेवलं होतं. नंतर प्रत्येकाला आपला नंबर मिळेल अशी दुसरी प्रत करून दिली. ती भरलीच नाही."

 मागचे हॉर्न मारत होते, पण आप्पासाहेबांनी गिअर टाकला नाही.

"म्हंजी मी म्हनलो ते, पूजेची घाला म्हणून, त्यानं झालं हे?"

"हो."

"मला कुणी सांगितलं न्हाई." आवाजात राग नव्हता, तो कुठेतरी गळून पडला होता. पोराने पाय घसरून पडल्यावर आधी इकडेतिकडे बघावं तसे ते बघत होते. मग शेजारी वळले. "सर, तुम्हाला ठावं होतं?"

यज्ञेश्वर सर खिडकीबाहेर फुलांच्या टेम्पोकडे बघत होते. "अशा गोष्टी सविस्तर बोलाव्या लागतात, आप्पासाहेब. त्या वेळी तो योग आला नाही."

आप्पासाहेबांनी गिअर टाकला. गुलटेकडीच्या यार्डापर्यंत त्यांनी मग एकाही रिक्षावाल्याला शिवी दिली नाही, आणि सुनीतीला ती शांतता शिव्यांहून वाईट वाटली.

यार्डात पाय ठेवायला जागा नव्हती. सौदे थांबले होते. कांद्याच्या गाड्या एकामागे एक अडकलेल्या, हमाल पोत्यांवर बसून तंबाखू मळतायत, आणि फलकांवर लाल आकडे मनाला येईल तसे नाचतायत. गेनबाशेठच्या रिकाम्या काट्याच्या वर भलंमोठं वजन झळकत होतं आणि त्याखाली हमालांचा मुकादम बजरंग, काट्यावर नुसता हात ठेवून, "बघा, माझा हात किती भारी हाय!" असं ओरडून सगळ्यांना हसवत होता. शेतकरी हसत नव्हते. आप्पासाहेबांना पाहताच घोळका त्यांच्याकडे वळला.

"कोण ती बाई? कुठाय?" मागून कुणीतरी विचारलं.  निरोप तिच्याआधी पोहोचला होता.

आप्पासाहेब ओट्यावर चढले. धोतराचा सोगा एका हातात धरून त्यांनी दुसरा हात वर केला.

"बाई न्हाई. चूक माझी हाय," ते म्हणाले. "घरात पूजा झाली तीच प्रत डब्यांत घाला म्हणून मी सांगितलं. मला त्यातलं कळत न्हाई, तरी सांगितलं. तुमचा खोळंबा झाला. मी माफी मागतो." एवढं बोलून त्यांनी हात जोडले.

 इतक्या सरळ कबुलीवर काय ओरडायचं, ते कुणाला सुचेना. कुणी पुटपुटलं की बरं हाय, देवाचं नाव घेतलं म्हणजे सुटलं. पण ओरडा थांबला.

आणि सुनीतीने सरांकडे पाहिलं. त्यांचे खांदे सैल पडले होते. सुटलो, असं त्यांच्या तोंडावर स्वच्छ लिहिलेलं होतं. त्यांनी रुमाल काढला आणि कपाळ टिपलं. तिला कुणी नारळ देणार नव्हतं, तिचं नाव मागे पडलं होतं. तिथेच सोडून द्यावं असं एखाद्या शहाण्या बाईला वाटलं असतं. पण तो रुमाल पाहून तिच्या डोक्यात पुन्हा आग भडकली. ज्याला काही कळत नव्हतं तो हात जोडून उभा होता आणि ज्याला सगळं कळत होतं तो घाम पुसत होता.

"मग नीट कधी व्हायचं हे?" गेनबाशेठने विचारलं.

"लगेच," सर म्हणाले. आवाज पुन्हा तुपात बुडाला होता. "आमच्या सुनीतीबाई करतील."

"करते," सुनीती म्हणाली. तिचा आवाज तिलाच अनोळखी वाटला. "नवी कार्डं आणली आहेत. पण सर माझ्याबरोबर गाळ्यागाळ्यावर येतील आणि काय झालं ते गाळेवाल्याला स्वतःच्या तोंडाने सांगतील. त्यांचं सांगून झाल्यावर मी डबा उघडेन."

"ही काय शाळा आहे?"

"शाळा असती तर बाकावर उभं केलं असतं."

बजरंग खो खो हसला. सरांनी आप्पासाहेबांकडे पाहिलं, नेहमी पाहत तसंच. आता मालक या पोरीला दटावतील, अशा खात्रीने. 

"येतील," आप्पासाहेब म्हणाले. "मला न्हाई सांगितलं, गाळेवाल्यांना तरी सांगू द्या."

पहिला गाळा गेनबाशेठचा. सुनीती काट्याशेजारी उकिडवी बसली, पिशवीतून पेचकस काढला आणि डब्याच्या पहिल्या स्क्रूवर टेकवला. सर पाठीशी उभे होते. कांद्याच्या टरफलांवर त्यांचे बूट करकरत होते.

"त्याचं असं आहे, गेनबाशेठ," ते म्हणाले, "काही तांत्रिक कारणांमुळे क्रमांकांची पुनरावृत्ती झाली, आणि त्या अनुषंगाने..."

सुनीतीने पेचकस जमिनीवर ठेवला.

"कळलं का शेठ?" तिने विचारलं.

"काय बी न्हाई," गेनबाशेठ म्हणाला.

"सर, परत."

बाजूच्या गाळ्यांवरची माणसं एव्हाना सरकत सरकत जवळ आली होती. सरांनी यार्डाच्या फाटकाकडे पाहिलं.  सुनीतीला वाटलं, आता ते वळतील आणि चालू लागतील, रिक्षा करून थेट कसब्यात घरी जातील. तसं झालं असतं तरी ती जागची हलली नसती.

"सगळ्या डब्यांत एकच नंबर गेला," शेवटी ते म्हणाले. आवाजातलं तूप उतरलं होतं, खाली नुसता कोरडा म्हातारा माणूस उरला होता. "यांनी बरोबर प्रत मला दिली होती. पूजेची घातली तर असं होणार, हे मला माहीत होतं. मालकांना बोलायचं मी टाळलं. मी ती भरू दिली."

गेनबाशेठने तोंडातली सुपारी एका गालातून दुसऱ्या गालात घेतली. त्याला राग आलेला दिसला नाही, नुसतं कोडं पडलेलं दिसलं.

"मग सकाळच्याला फोनवर ह्या ताईंचं नाव कशापायी सांगितलंत?"

 लांब कुठेतरी एक गाडी मागे घेताना कुणी 'येऊ द्या, येऊ द्या' ओरडत होतं. सरांनी सुनीतीकडे पाहिलं, जणू याचंही उत्तर तिनेच लिहून द्यावं. ती डब्याकडे बघत राहिली.

"सोपं होतं," यज्ञेश्वर सर म्हणाले.

 गेनबाशेठ बाजूला सरकला आणि सुनीतीवर पडलेली त्याची सावली हटली, तिला स्क्रू नीट दिसायला लागला. तिने डबा उघडला, जुनं कार्ड काढलं, नवं बसवलं. हिरवा दिवा लागला. बजरंगने काट्यावर एक पोतं टाकलं आणि त्याचं वजन त्याच गाळ्याच्या फलकावर उमटलं. कुणीतरी टाळी वाजवली.

तिला वाटलं होतं, हे ऐकलं की छातीतलं ओझं उतरेल. काहीच उतरलं नाही. सोपं होतं. म्हणजे तिला पुन्हा उभं करणं, शेजारी बसवून शिकवणं, प्रामाणिकपणाचे ते सगळे धडे, आणि मग एका फोनवर तिचं नाव देऊन टाकणं. त्यांना या सगळ्यांत फार फरक वाटला नव्हता. डोळ्यांत पाणी येऊ पाहत होतं. कांद्याचं आहे, असं यार्डात कुणालाही सांगता आलं असतं, पण तिने ते येऊच दिलं नाही.

तिने झाकण लावलं, पेचकस पुसला आणि उठून साडीच्या निऱ्या झटकल्या. सर अजून तिथेच उभे होते, रुमाल हातात घट्ट मुठीत धरून.

"झालं समाधान?" त्यांनी हळूच विचारलं.

"नाही," सुनीती म्हणाली. "चला सर, श्यामरावांचा गाळा. त्यांना कमी ऐकू येतं, जरा मोठ्याने सांगा."